तिसावं नाव

रोज सकाळी सात वाजता वहिनी फोन घेऊन ओट्याशी उभी राहायची आणि यादीतल्या एकेका घरी विचारायची, "आज डबा पाठवू ना?" एवढंच. तब्येत कशी आहे, रात्री झोप लागली का, यातलं काही विचारायचं नाही, असा नियम तिनंच घालून घेतला होता. 'पाठवा' म्हणाले की नावापुढे खूण. समोरून कोणी जरा जास्त वेळ गप्प राहिलं की तीही गप्प राहायची. मग तिकडून "आता नको" यायचं, किंवा नुसता श्वास. ती "बरं" म्हणायची, फोन ठेवायची आणि त्या नावावर एक आडवी रेघ ओढायची. रेघ ओढलेल्या घरी पुन्हा फोन जात नसे.

हा नियम एका फजितीतून आला होता. फजिती म्हणवत नाही, पण दुसरा शब्दही सापडत नाही. सुरुवातीच्या दिवसांत बँकवाल्या आजींचा डबा घेऊन डबे पोचवणारे पोस्टमनकाका त्यांच्या घरी गेले. जिन्यात चपलांचा ढीग, दार सताड उघडं, आत माणसंच माणसं. तरी काकांच्या लक्षात आलं नाही. चाळीस वर्षांची सवय, उंबऱ्यात उभं राहून त्यांनी आजींचं नाव खणखणीत आवाजात पुकारलं आणि डबा पुढे केला, "दोन नंबर, भोपळा." सगळं घर वळून बघायला लागलं. आजींची लेक पुढे आली आणि तिनं डबा घेतला. बिचारीला दुसरं काय करावं ते सुचलं नसावं. काका परत येऊन उलट्या टोपलीवर बसले ते तासभर उठेनात. म्हणाले, "पोरी, मी तारा वाटल्या आहेत. पण तार वाटताना निदान आपल्या हातात काय आहे ते मला माहीत असायचं." दुसऱ्या दिवसापासून वहिनीचे फोन सुरू झाले.

सगळ्याचा उगम एका पातेल्यात होता. वहिनीची लेक, चिमणी, सात महिन्यांची झाली, तिला वरचं अन्न सुरू केलं, आणि त्याच आठवड्यात वहिनीच्या सासऱ्यांना, नानांना, झटका आला. एक बाजू गेली, बोलणं गेलं आणि गिळणं बिघडलं. साधा पाण्याचा घोट भलत्या वाटेनं उतरायचा आणि माणूस निळा-जांभळा व्हायचा. दवाखान्यात गिळायला शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्यांच्या खिशात कायम तीन चमचे असत, म्हणून सगळे त्यांना चमचेबाई म्हणत. त्यांनी वहिनीला समोर बसवून शिकवलं. चमचा तिरका केला की धारेनं ओघळतं ते एक नंबर. अडखळत घसरतं ते दोन नंबर. चमचा उलटा केला तरी विचार करून मग पडतं ते तीन नंबर. नानांना दोन नंबरच द्यायचं, ना पातळ ना घट्ट, आणि प्रत्येक चमच्यानंतर गळ्याची घाटी वर जाऊन खाली आल्याशिवाय दुसरा चमचा उचलायचा नाही.

मग वहिनी एकाच पातेल्यात बटाटा, भोपळा, डाळ मऊ शिजवायची, गरगटायची, चाळणीतून काढायची. मीठ घालायच्या आधी चिमणीची वाटी, मीठ घातल्यावर नानांची. दोघं समोरासमोर, दोघांच्या गळ्याशी एकेक फडकं. सासूबाई म्हणाल्या, "घरात दोन तान्ही झाली आणि माझं बाई दोन्हीकडे दूध आटलेलं." हसू आलं होतं तेव्हा. पुढे चिमणीला दात आले, ती पावाच्या कडा पळवायला लागली, चावायला लागली. नाना दोन नंबरवरच राहिले. कधी चिमणी हट्टानं चमचा घ्यायची आणि नानांना भरवायची, आणि चमचा त्यांच्या ओठांशी नेताना स्वतःचंच तोंड एवढं मोठं उघडायची. नानांचा जो अर्धा चेहरा हलायचा, तो तेवढ्यापुरता हलायचा.

दवाखान्यात दर गुरुवारी चमचेबाईंच्या खोलीबाहेर बाकावर थांबावं लागे. एका गुरुवारी शेजारी एक किडकिडीत म्हातारा बायकोला चहात बुडवलेलं बिस्किट भरवत होता आणि ती ठसकून ठसकून अर्धमेली होत होती. वहिनीनं काही न विचारता नानांचा डबा उघडून त्यांच्यापुढे धरला. पुढच्या गुरुवारी म्हातारा तो डबा लख्ख घासून घेऊन आला आणि म्हणाला, "उद्यापासून पातेल्यात हिच्यासाठी पण मूठभर घालशील का गं पोरी? न्यायला मी येईन. गावातलं एक दार असं नाही जे मी वाजवलेलं नाही." हे पोस्टमनकाका.

पोस्टमनकाकांची भाची पाळणाघर चालवायची. तिचं स्वयंपाकघर सकाळी दहापर्यंत रिकामं असे, ते तिनं दिलं. पाळणाघरातल्या एका मुलाचा बाप मिक्सर दुरुस्त करायचा. त्यानं हॉटेलातून टाकून दिलेलं एक मोठं यंत्र उकिरड्यावर जायच्या आत उचलून आणलं आणि जिवंत केलं. त्याची बहीण दवाखान्याच्या चौथ्या मजल्यावर नर्स. नर्सनं लिफ्टवाल्याच्या कानावर घातलं, आणि लिफ्टवाला हा माणूस असा, की चौथ्या मजल्यावरून तळमजल्यावर येईपर्यंतच्या चाळीस सेकंदांत कुणाच्या घरी कोण आजारी आहे ते काढून घ्यायचा आणि वहिनीचा नंबर लिहिलेला कागद खिशात सरकवायचा. ज्यांना परवडे ते देत, ज्यांना परवडत नसे त्यांना विचारायचं नाही. दीड वर्षात एका पातेल्याची चार पातेली झाली, आणि चार बायका कामाला आल्या, त्याही आधी कुणाचं तरी दुखणं घेऊनच. या कामात ओळख निघायची ती एकाच प्रश्नावरून. तुमच्याकडे कोण? आमच्याकडे सासरे. आमच्याकडे आई. की झाली ओळख.

पण अशी निघालेली ओळख तेवढीच टिके, जेवढं ते माणूस टिके. महिनाभर रोज सकाळी जिचा आवाज ऐकला, चार नंबर चमचा असतो का हो म्हणून जिनं थट्टा केली, ती बाई रेघ ओढल्यावर बाजारात दिसली तर दुसऱ्या गल्लीनं जायची. वहिनीला त्याचं वाईट वाटायचं नाही. तिनंही तेच केलं असतं. पोस्टमनकाकांची बायको दुसऱ्या हिवाळ्यात गेली, तेव्हा वहिनीला वाटलं आता काकाही गेले. चौथ्या दिवशी काका सायकल घेऊन दारात हजर. त्यांच्या पिशवीत डबे भरले, एक कमी.

आणि आता पाळणाघराची जागाच विकली जाणार होती. महिनाअखेर रिकामी करून द्यायची. भाची रडली, पण मालकापुढे तिचं काय चालणार.

ट्रस्टच्या मॅडम भेटल्या त्या लिफ्टमध्ये अडकून. दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट बंद पडली, आत लिफ्टवाला, डब्यांच्या दोन पिशव्या घेतलेली वहिनी आणि घामाघूम झालेल्या एक बाई. वीस मिनिटं. लिफ्टवाल्याला गप्प बसणं माहीत नव्हतं. तो म्हणाला, "घाबरू नका मॅडम, उपाशी मरणार नाही. ह्या वहिनींच्या भोपळ्यावर चौथा मजला अर्धा घरी गेलाय." पुढे त्यानं सगळी कथाच लावली. लिफ्ट सुरू झाली तेव्हा मॅडमनी वहिनीचा नंबर घेतलेला होता. त्यांच्या ट्रस्टच्या ताब्यात दवाखान्याला लागून नर्सेसच्या जुन्या वसतिगृहाचं स्वयंपाकघर होतं. तीन नळ, चार शेगड्या, खाली उतार असलेली फरशी, खिडकीत ऊन. वहिनी ते बघून आली आणि त्या दिवशी घरी कुणाशी नीट बोललीच नाही, एवढं तिला ते हवं होतं.

मॅडमची अट एकच होती. पाहणीच्या दिवशी तीस माणसं अशी हवीत, जी तीन महिने सलग इथलं जेवताहेत आणि आजही जेवताहेत. त्या स्वभावानं कडक नव्हत्या. त्यांनी फार बघितलं होतं, एवढंच. म्हणाल्या, लोक मोठ्या उत्साहानं सुरू करतात, जागा घेतात, आणि महिन्याभरात उत्साह संपतो. शिवाय त्या जागेसाठी नर्सेसना डबे पुरवणारा एक कंत्राटदार रांगेत उभा आहे. वहिनीच्या ओठांवर आलं होतं, की आमचा उत्साह टिकतो हो, माणसं टिकत नाहीत. पण तिनं नुसती मान हलवली.

घरी येऊन ती यादी घेऊन बसली. एकूण डबे बावन्न जात होते, पण तीन महिने झालेली माणसं मोजली तर एकतीस. पंधरा दिवसांवर पाहणी. त्या पंधरा दिवसांत वहिनीला स्वतःची शिसारी यायला लागली. फोन लावताना नावांच्या आधी आकडा दिसायचा. ट्रकवाले मामा, तेवीस. शाळेच्या मुख्याध्यापिका, चोवीस. नाना, एक; तेही यादीत होते, कारण ते सर्वांत जुने. आठव्या दिवशी मुख्याध्यापिकाबाईंच्या घरून उत्तर यायला वेळ लागला. "बरं" म्हणताना वहिनीच्या मनात पहिल्यांदा आलं ते 'तीस'. मग तिनं नळ सोडून बराच वेळ हात धुतले.

सासूबाई सगळं बघत होत्या. म्हणाल्या, "जागेसाठी एवढा जीव काढतेस. लोकांच्या म्हाताऱ्यांनी तुझ्या तारखेपर्यंत दम धरावा म्हणतेस की काय?"

वहिनीनं यादी पुढे ओढली. ती तेच म्हणत होती.

पाहणी बुधवारी. सोमवारी दुपारी पोस्टमनकाका रिकामे डबे घेऊन आले आणि नेहमीसारखे चहा मागायच्या ऐवजी दाराला टेकून उभे राहिले. त्यांच्या शेवटच्या फेरीत चष्मेवाल्यांचं घर होतं. चष्मेवाले काका म्हणजे भिंगं घासून घासून ज्यांची बोटं गुळगुळीत झाली होती असा माणूस. पाच महिन्यांपासून अंथरुणावर, वाचा नाही, दोन नंबर. घर तिसऱ्या मजल्यावर आणि पोस्टमनकाकांचे गुडघे गेलेले, म्हणून चष्मेवाल्या काकू खिडकीतून दोरीला बांधलेली पिशवी खाली सोडत, काका भरलेला डबा ठेवून रिकामा घेत. रोजचं होतं. त्या दिवशी पिशवी वर जात असताना खालच्या पहारेकऱ्यानं सहज विचारलं होतं, "अजून डबा कुणासाठी? चष्मेवाले तर गेले की. आठवडा होऊन गेला."

"तू रोज विचारत होतीस ना गं?" पोस्टमनकाकांनी विचारलं.

विचारत होती. काकू रोज 'पाठव' म्हणत होत्या. नुसतं 'पाठव' नाही, वर दोन वाक्यं. काल जरा पातळ झालं होतं. आज भोपळा नको, परवाच झाला. वहिनीला आठवेना की या आठ-दहा दिवसांत काकूंचा आवाज कधी वेगळा लागला होता का. लागला नव्हता.

पोस्टमनकाका म्हणाले, रेघ ओढायला हवी. वहिनी म्हणाली, "बुधवारनंतर ओढते." काकांनी तिच्याकडे बघितलं. मग म्हणाले, "बुधवारपर्यंत डबा मी नेतो. पण मला विचारशील तर मला काही माहीत नाही." आणि चहा न घेता सायकलवर बसले.

मंगळवारी सकाळी तिनं तो फोन सगळ्यांत शेवटी लावला.

"आज डबा पाठवू ना?"

"अगं, पाठव की. आणि सफरचंद असलं तर घाल. त्यांना आवडतं."

"बरं," वहिनी म्हणाली. "घालते." तिनं सफरचंद शिजवलं, साल काढून, दोनदा गाळून, चमच्यावरून घसरताना बघून. कुणासाठी करतेय हे माहीत असताना जेवढं नीट केलं असतं त्याहून नीट केलं. बुधवारी पुन्हा तेच. "पाठव गं. कालचं छान होतं." या वेळी वहिनीनं नियम मोडून एक जास्तीचं वाक्य विचारलं, "काकू, तुम्ही जेवता ना?" तिकडे क्षणभर काही नाही. मग, "जेवते की. न जेवून सांगते कुणाला."

मॅडम नऊ वाजता आल्या. पाळणाघराच्या स्वयंपाकघरात भिंतीवर कमरेइतक्या उंचीवर मुलांनी ओढलेल्या रेघोट्या, एका कोपऱ्यात चिमण्या खुर्च्यांची थप्पी. त्यातल्याच एका खुर्चीवर मॅडम गुडघे छातीशी घेऊन बसल्या. त्यांनी पातेली बघितली, चमचा तिरका करून बघितला, एक नंबर, दोन नंबर, आणि हसून म्हणाल्या की त्यांच्या घरची आमटी कुठल्याच नंबरात बसणार नाही. बायका हसल्या. सगळं ठीक चाललं होतं. मग मॅडमनी यादी मागितली, तीस नावं मोजली आणि म्हणाल्या, दोन-तीन ठिकाणी मी बोलून बघते, वाईट वाटून घेऊ नका, आम्हाला लिहावं लागतं.

पहिला फोन ट्रकवाल्या मामांकडे. फोन सगळ्यांना ऐकू जाईल असा ओट्यावर ठेवला होता. मामांच्या लेकीनं सांगितलं, की मामा जेवतात, वर शिव्याही देतात, आधी अडखळत द्यायचे, आता सलग देतात, ही प्रगतीच म्हणायची. मॅडमनी खूण केली. दुसरा फोनही असाच. मग त्यांचं बोट यादीवरून खाली सरकत गेलं आणि थांबलं. "चष्मेवाले. हे नाव गमतीचं आहे." त्यांनी नंबर फिरवला.

वहिनीनं पोस्टमनकाकांकडे बघितलं. काका सायकलच्या पिशवीची शिवण बघत होते.

काकूंनी पहिल्याच घंटेला उचलला. या वेळी कुणाचा फोन येत नसणार. मॅडमनी ओळख सांगितली, ट्रस्टकडून बोलतेय, तुमच्याकडे वहिनींचा डबा येतो ना, कसं आहे, जेवतात ना काका?

"जेवतात ना," काकू म्हणाल्या. आवाज स्वच्छ. "पाच महिने झाले. आधी काही म्हणजे काही उतरत नव्हतं, तुम्हाला सांगते, मी चमचा घेऊन बसायचे आणि ते तोंड फिरवून घ्यायचे. आता बघा, वाटी संपते." मॅडम खूण करायला वाकल्या. पण काकू थांबल्या नाहीत. समोर कुणीतरी ऐकत होतं, आणि त्यांना अजून सांगायचं होतं. "काल सफरचंद होतं. पोरीनं आठवणीनं घातलं. ते मला म्हणाले, अजून. मी म्हटलं, अहो संपलं. तर म्हणाले, अगं, बघ तरी तळाशी."

पाच महिन्यांत चष्मेवाले काका एक अक्षर बोलले नव्हते. पहिल्या आठवड्यात वहिनी स्वतः त्यांना भरवायला शिकवून आली होती. त्यांच्या तोंडून येणारा एकच आवाज तिला माहीत होता, आणि तो कुठल्याही शब्दाचा नव्हता. आता ओट्यावरच्या फोनमधून ते मजेत बोलत होते, आणि मॅडम हसून मान डोलवत होत्या, आणि काकू पुढे सांगतच होत्या, की मग मी तळाशी खरवडलं, एक चमचा निघाला. वहिनीला ते ऐकवेना. खोटं होतं म्हणून नाही. आपल्या तीसच्या आकड्यासाठी त्या माणसाला पुन्हा उठून बसावं लागतंय, असं तिला वाटलं, आणि ते कुणीतरी थांबवायला हवं होतं.

"मॅडम, ते गेलेत," वहिनी म्हणाली. "एकोणतीस आहेत. ते नाव काढा."

फोन चालू होता.

हे तिच्या लक्षात आलं ते फोनमधला आवाज बंद झाल्यावर. काकू मधल्या शब्दावर थांबल्या होत्या. स्वयंपाकघरात यंत्राचं पातं कुठंतरी बारीक गुणगुणत होतं, ते कुणीतरी बंद केलं. मग काकू म्हणाल्या, "ठेवते हं मी," अगदी पाहुण्यांना निरोप देताना म्हणतात तसं, आणि ठेवला.

मॅडम वाईट वागल्या नाहीत. त्यांनी तीसवर रेघ मारून एकोणतीस लिहिलं, बाजूला सही केली आणि म्हणाल्या, तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत, पुढं निघालं असतं तर मलाही जड गेलं असतं. अट त्यांच्या एकटीच्या हातात नव्हती. कंत्राटदाराला जागा सहा महिन्यांसाठी जाईल. सहा महिन्यांनी तीस नावं घेऊन या, मी स्वतः बघेन. त्यांनी हे मनापासून म्हटलं. आणि वहिनीच्या डोक्यात, ती नको म्हणत असतानाही, हिशेब सुरू झाला, की या एकोणतीसमधले सहा महिन्यांनी किती.

बायकांनी भांडी घासायला घेतली. एकजण म्हणाली, "सांगायलाच हवं होतं का वहिनी, आत्ताच?" दुसरीनं तिला कोपरानं ढोसलं. वहिनीनं त्या दिवशीचा शेवटचा डबा स्वतः भरला, त्यावर नाव लिहिलं नाही, आणि पोस्टमनकाकांना म्हणाली, आजचा मी नेते.

तिसरा मजला. जिन्यात कुणाच्या तरी घरातल्या साबणाचा वास. दार वाजवल्यावर काकूंनी उघडायला वेळ लावला नाही, पण पूर्ण उघडलंही नाही. आतलं थोडंसं दिसत होतं. भिंतीला लावलेला पलंग, त्यावरची गादी गुंडाळून उभी केलेली, आणि पलंगाशी ओढलेली एक खुर्ची, जशी भरवणारा माणूस ओढतो.

"तुला कधी कळलं?" काकूंनी विचारलं.

"सोमवारी."

काकूंनी बोटांवर मोजल्यासारखं केलं. "म्हणजे काल तू फोन केलास तेव्हा तुला माहीत होतं. आज सकाळी पण."

"हो."

"आणि तू सफरचंद घातलंस."

वहिनीनं मान हलवली. तिला माफी मागायची होती, पण नेमकी कशाची मागायची ते तिला जुळवता येईना. सोमवारी कळून गप्प राहिले त्याची, की आज बोलले त्याची.

"दोन दिवस तूही त्यांना ठेवून घेतलंस," काकू म्हणाल्या. "आज सकाळी तू विचारलंस ना, जेवता ना म्हणून, तेव्हाच मला वाटलं, हिला कळलंय. बरं वाटलं मला. म्हटलं, आता आपण दोघी आहोत. म्हणून तर तुझ्या त्या मॅडमना एवढं रंगवून सांगितलं. तुला हवं होतं ना ते? तो दवाखान्यातला लिफ्टवाला परवा इथं येऊन खाली पहारेकऱ्याला सांगत होता, वहिनींना तीस माणसं हवीत म्हणून."

"काकू, मला वाटलं तुम्हाला..."

"'डबा नको' म्हटलं असतं तर दुसऱ्या दिवशी तुझा फोन आला नसता," काकू म्हणाल्या. त्यात तक्रार नव्हती, नियम सांगितल्यासारखं होतं. "सकाळी सात-साडेसातला वाजतो. त्याच्या आधी मी उठून, तोंड धुऊन, केस विंचरून बसते. लेक महिन्यातून एकदा करते. तिचा संसार आहे."

वहिनीनं हातातला डबा बघितला. "मग हे... हे जेवण?"

"मी खात होते. दुसरं काही घशाखाली उतरत नाही गं. पोळीचा तुकडा तोंडात घोळतो नुसता. हे उतरतं."

आणि त्या क्षणी, उंबऱ्याबाहेर उभ्या असलेल्या वहिनीच्या मनात एक गोष्ट आली. गिळता न येणारं माणूस, या घरात, आजही जेवणारं. मॅडमचा नंबर फोनमध्येच होता. ते तिच्या चेहऱ्यावर उमटलं असावं, कारण काकूंनी दार बोटभर आणखी लोटलं.

"मला नको मोजूस आता," त्या म्हणाल्या.

"नाही," वहिनी म्हणाली. तिचा चेहरा तापला होता.

आत पिशवीची दोरी खिडकीच्या गजावर आपटत असल्याचा आवाज येत होता. काकूंनी हात पुढे केला आणि डबा घेतला. झाकणावर नाव नव्हतं, ते त्यांनी बघितलं, अंगठा फिरवून बघितला. उद्यापासून नको, म्हणाल्या. वहिनी म्हणाली की फोन तरी करते, डब्याचा नाही, नुसता. काकूंनी खरंच विचार केला आणि मग नकारार्थी मान हलवली.

"नुसता करून काय विचारशील?"

त्या एका प्रश्नाखेरीज वहिनीनं या घरांना कधी काही विचारलंच नव्हतं.

"तुझ्या नानांना भरवलंस?" काकूंनी विचारलं.

"अजून नाही. घरी जाऊन भरवणार."

"मग जा की. इथं काय उभी राहिलीस. गार झालं की ते घट्ट होतं, आणि मग ठसका लागतो."

त्यांनी दार लावलं, हळू, कडी न वाजवता. वहिनी जिना उतरू लागली. दुसऱ्या मजल्यावर पोहोचेपर्यंत तिला वरून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. खाली पोस्टमनकाका सायकलला टेकून उभे होते, मागून आले असावेत. तिनं त्यांच्या पिशवीतली यादी काढली, पेन मागितलं, आणि सायकलच्या सीटवर कागद ठेवून रेघ ओढली. सीट मऊ होती, कागद फाटला.